रोडग्यांचा नकाशा

अमरावती थोर की अकोला, या प्रश्नावर वऱ्हाडात आजवर किती सोयरिकी मोडल्या असतील, कोण जाणे. अकोल्याचे नाव निघाले की अमरावतीचा माणूस आधी तिथल्या उन्हाची आठवण काढतो आणि सांत्वनाला आल्यासारखी मान हलवतो. अमरावतीचे नाव निघाले की अकोल्याचा माणूस निरागसपणे विचारतो, तुमच्या गावात मोठी गाडी थांबते का हो, की अजून बडनेऱ्यालाच उतरावे लागते? हा जुना, प्रेमळ आणि कधीही न मिटणारा तंटा मिटवण्याचे काम पुण्याच्या एका कंपनीने नागसेन तायडे नावाच्या तरुणावर सोपवले. हा तरुण असा, की चहा घेणार की कॉफी एवढे विचारले तरी त्याला कपाळ पुसावे लागे.

कंपनीचे नाव ‘मोकळवाट’. तंबू, डोंगर चढायचे बूट, सायकली, पाठीवरच्या पिशव्या, असा उघड्यावरच्या खेळांचा माल विकणारी तिची भलीमोठी दुकाने होती. नागपूरच्या दुकानात नागसेन बुटांच्या विभागात काम करी. आता कंपनीला वऱ्हाडात एक दुकान काढायचे होते, एकच. ते अमरावतीत की अकोल्यात, एवढे ठरायचे होते. नागसेन बडनेऱ्याचा, त्याची थोरली बहीण माया अकोल्यात दिलेली. तेव्हा दोन्हीकडचे पाणी प्यालेला माणूस म्हणून त्याची निवड झाली.

खरे म्हणजे पुण्यात ते ठरल्यासारखेच होते. तिथे कर्णिक नावाचे एक साहेब होते. वय पन्नाशीचे, विजारीला खिसे अनेक, आणि प्रत्येक खिशात कड्यावर अडकल्यास उपयोगी पडेल असे काहीतरी. त्यांच्याजवळ एक नकाशा होता. सुट्टीच्या दिवशी लोकांच्या खिशातले मोबाइल कुठे जातात आणि तिथे किती वेळ रेंगाळतात, हे तो ठिपक्यांनी दाखवी. हिवाळ्यातल्या रविवारी अकोल्याच्या भोवतालच्या शिवारांत या ठिपक्यांचे झुबके उजळत. माणसे सकाळी गावाबाहेर पडत, झाडांखाली जमत आणि ऊन कलेपर्यंत जागची हलत नसत. अमरावतीचे ठिपके मात्र परतवाड्याच्या रस्त्याने निघत आणि घाटाच्या तोंडाशी एकाएकी विझत. सायंकाळी तिथेच पुन्हा उजळून मुकाट्याने घरी परतत. यावरून कर्णिकांनी अनुमान काढले होते, की अमरावतीकर परतवाड्यापर्यंत जातात आणि मोबाइल बंद करून झोपतात. अकोलेकर मात्र महाराष्ट्राने आजवर न ओळखलेली, हाडाची तंबूवासी जमात आहे.

नागसेनने नकाशा पाहिला आणि पाहताक्षणी त्याला दोन्ही गोष्टी उमगल्या. घाट लागला की रेंज जाते, म्हणून अमरावतीचे ठिपके विझत होते. ती माणसे पुढे दिवसभर मेळघाटात पायी हिंडत असत. आणि अकोल्याचे ठिपके पेटत होते, कारण तिथे रोडगे भाजले जात होते.

रोडगे ज्याने खाल्ले नाहीत त्याला वऱ्हाडाचा हिवाळा समजावून सांगणे कठीण. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे, पदरावर पदर चढवून वळलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकून फोडायचे, आत तूप ओतायचे आणि झणझणीत वांग्याच्या भाजीशी लावून खायचे. गॅसच्या शेगडीवर हे जमत नाही. रोडग्यांना शेत लागते, झाड लागते, आणि स्वतः काडीही न हलवता विस्तव कसा असावा याविषयी मत देणारे पाच-सहा पुरुष लागतात. अमरावतीकरही रोडगे खातातच. पण त्यांच्यातल्या ज्यांना रविवारी पाय स्वस्थ बसू देत नाहीत ते डोंगराकडे जातात. अकोल्याला डोंगर जरा दूर पडतो आणि शेत जवळ.

“तुमचं काय मत आहे, तायडे?” कर्णिकांनी विचारले होते.

खरे सांगायला दोन वाक्ये पुरली असती. नागसेनच्या तोंडून एकही निघाले नाही, याचे कारण अकोल्याच्या एका शाळेत मुलींना धावायला शिकवत होते.

तिचे नाव प्रियदर्शनी गवई. मुलींच्या बुटांची चौकशी करायला तिने एकदा नागपूरच्या दुकानात फोन केला, तो नागसेनने उचलला, आणि तेव्हापासून दर आठवड्याला काहीतरी निमित्त निघून दोघे बोलत. कधी टाच झिजलेली असे, कधी शिवण उसवलेली, कधी ओल्या मातीत पकड सुटत असे. या संभाषणाने बुटांचा तळवा कधी ओलांडला नव्हता. नागसेनला वाटे, जगात जेवढी माया आहे तेवढी सगळी एका झिजलेल्या टाचेविषयी बोलूनही व्यक्त करता येते. अडचण एवढीच, की ऐकणाऱ्याला ते टाचेविषयीच वाटते.

तिची नोकरी अकोल्याची, न हलणारी. नवे दुकान जिथे निघेल तिथला व्यवस्थापक नागसेन, हे कर्णिकांनी कबूल केलेले होते. दुकान अकोल्यात झाले, तर रोज सायंकाळी मैदानाच्या कडेने जाता येईल. असे बरेच ऋतू गेले, म्हणजे एखाद्या दिवशी तिला विचारण्याचे धैर्यही येईल. दुकान अमरावतीत झाले, तर ती वाट उगवण्याआधीच बुजली. हा त्याचा बेत त्याने कोणालाही सांगितला नव्हता, प्रियदर्शनीला तर नाहीच. म्हणून तो गप्प राहिला. त्या मौनाला दुजोरा समजून कर्णिकांनी अकोल्याभोवती लाल वर्तुळ काढले. फक्त, ते म्हणाले, दोन्ही गावे तुम्ही एकदा पाहून घ्या, आणि तो तंबूंचा रविवार मला माझ्या डोळ्यांनी दाखवा.

आधी तो बडनेऱ्याला घरी गेला. त्याचे वडील देवराव रेल्वेच्या सिग्नलवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांचा स्वभावही सिग्नलचाच होता: तांबडा, नाहीतर हिरवा. दुकान अमरावतीतच निघणार, हे त्यांनी चहाच्या टपरीवर, विहारात आणि स्टेशनाबाहेरच्या बाकावर केव्हाच जाहीर करून टाकले होते. शेजारच्या एका गृहस्थाने तर मोठा तंबू राखून ठेवायलाही सांगितले होते. त्याच्या पुतणीचे लग्न होते आणि आचाऱ्याला सावली हवी होती. नागसेनने हे सगळे ऐकून घेतले आणि ताटातल्या भाकरीकडे पाहत राहिला. आई इंदूबाईने ते पाहणे पाहिले. तिने भाकरीवर आणखी थोडे तेल-तिखट वाढले.

रविवारी पहाटे तो परतवाड्यापलीकडे घाटाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. थंडी हाडांत शिरत होती. सागाच्या पानांवरून दहिवर टपटपत होते आणि त्या आवाजाखाली जंगल अजून झोपेत कूस बदलत होते. मग अमरावतीकर येऊ लागले. मोटारसायकलींवरून आले, सायकलींवरून धापा टाकत आले; जीपमधून शाळेतल्या मास्तरांचे एक टोळके आले आणि उतरल्याबरोबर कोणाच्या आळशीपणामुळे उशीर झाला यावर भांडू लागले. एका वृद्ध गृहस्थांचे कॅनव्हासचे बूट अंगठ्याजवळ उघडे पडले होते, तरी हातातला बांबू टेकत ते सर्वांच्या पुढे चालत होते. त्या बुटाकडे पाहून नागसेनने मनातल्या मनात त्याचा नंबर ओळखून ठेवला. असा बूट पाहून ज्याला आधी नंबर सुचतो त्याने दुकान कुठे काढावे, हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

तोही त्यांच्यामागे थोडा चढला. दुसऱ्या वळणावर हातातल्या मोबाइलची शेवटची रेघ विझली. आता कर्णिकांच्या नकाशावर आपणही नाही, असे त्याच्या मनात आले, आणि त्याला विलक्षण हलके वाटले. आपल्याला कोणी पाहत नाही, कोणी काही विचारत नाही, अशा जागी तो किती सुखाने राहिला असता. परंतु अशा जागी राहणाऱ्याला कोणी होकारही देऊ शकत नाही, हेही त्याला त्याच वळणावर कळले. तो खाली उतरला आणि कर्णिकांना कळवले, की अमरावतीचे ठिपके घाटापाशीच विझतात, हे मी स्वतः पाहिले. यात एक अक्षरही खोटे नव्हते.

अकोल्याला माया त्याची वाट पाहतच होती. भावाचे गुपित त्याने न सांगताच तिला ठाऊक होते. जो मुलगा स्वतःच्या बुटांची नाडी नीट बांधत नाही तो दुसरीच्या शिष्यांच्या बुटांविषयी तासभर बोलतो, तेव्हा बहिणीला फारसे शोधावे लागत नाही. पुण्याचे साहेब येत्या रविवारी तंबू पाहायला येणार आणि अकोल्यात तंबू म्हणून कोणाकडे नाही, हे ऐकून ती आधी पोटभर हसली. मग तिने बेत आखला. सासरच्या शेतावर रोडगे करायचे. साहेब नमुन्याचा माल घेऊन येणारच आहेत, तो तिथेच उभारायचा. शाळेतल्या प्रियदर्शनी मॅडमनाही बोलवायचे, कारण साहेबांना एखादा खेळातला माणूस दिसायला हवा.

“पण ताई, हे खोटं होते,” नागसेन म्हणाला.

“खोटं तू बोलूच नको. तुले ते जमतच नाही, कान लाल होतात तुहे. फक्त खरं सांगू नको. ते तर तुले लहानपणापासून जमते.”

मायाच्या सासूबाई सुंदराबाई यांना बेत पसंत पडला. अकोल्याला काही मिळणार आणि अमरावतीला ते मिळणार नाही, एवढे त्यांना पुरेसे होते. त्यांची अट एकच होती: शेतात तंबू उभारा की विमान उतरवा, पिठाला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

रविवार उजाडला. शेत पातूरच्या रस्त्याला होते. तुरी पिकायला आल्या होत्या, बांधावरच्या कडुनिंबाखाली गोवऱ्या रचलेल्या होत्या आणि भोवती मायाच्या सासरचे सगळे गणगोत सांडले होते. कर्णिक साहेब गाडीतून उतरले ते दृश्य पाहून तिथेच थांबले. माणसे जमिनीवर बसली होती. आग पेटत होती. विहिरीचे पाणी कळशीने येत होते. खुर्ची एकही नव्हती. साहेबांनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि त्यात गोवरीचा धूर गेल्यामुळे त्यांना बराच वेळ खोकावे लागले.

त्यांनी सुंदराबाईंना विचारले, की आपण इथे नेहमी येता का. हिवाळाभर, त्या म्हणाल्या. रात्रीही कोणी राहते का? जागलीला माणूस राहतोच, त्या म्हणाल्या, रानडुकरे काय दिवस पाहून येतात? कर्णिकांनी नागसेनकडे विजयी मुद्रेने पाहिले. नागसेनचे कान लाल होऊ लागले होते. तो तंबूचे खुंटे ठोकायला वळला.

नमुन्याचा माल बाहेर आला आणि पाहता पाहता कामालाही लागला. तंबू उभा राहताच सुंदराबाईंनी त्यात मळलेल्या पिठाची परात ठेवून चेन लावून घेतली, कारण शेजारच्या शेळ्या सकाळपासून पिठाकडे पाहत होत्या. डोंगर चढायच्या काठ्या एका मामांनी ताब्यात घेतल्या. निखाऱ्यांतले रोडगे उलटायला यासारखे साधन पिढ्यान्‌पिढ्या मिळाले नव्हते. कपाळाला बांधायचा दिवा कोणीतरी एका शेळीच्या कपाळाला बांधून पाहिला आणि तो तिला शोभलाही. झोपायच्या उबदार पिशवीपाशी मात्र सुंदराबाई बराच वेळ विचारात उभ्या राहिल्या.

“गोधडीले चेन लावून विकता तुमी?” त्यांनी साहेबांना विचारले.

कर्णिकांनी समजावून सांगितले, की हिमालयातल्या बर्फातही यात ऊब टिकते. ऊब टिकते म्हटल्यावर सुंदराबाईंनी पुढचे काही ऐकले नाही. पहिल्या घाण्याचे रोडगे फडक्यात गुंडाळून त्या पिशवीत गेले, आणि शेवटच्या पंगतीपर्यंत त्यांतून वाफ निघत राहिली. बायकांमध्ये त्या पिशवीविषयी जी कुजबुज सुरू झाली, तशी ‘मोकळवाट’च्या कोणत्याही मालाविषयी आजवर झाली नसेल. कर्णिक हरखून गेले. पुण्याचे लोक वस्तू विकत घेऊन कपाटात ठेवतात. इथे कल्पकता आहे, निसर्गाशी नाते आहे, असे ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. त्यांच्या बोटांना तूप लागले होते आणि अकोल्याचे दुकान आता एका ढेकराच्या अंतरावर होते.

प्रियदर्शनी विहिरीच्या काठावर बसून हे सगळे पाहत होती. सकाळचा सराव आटोपून ती तशीच आली होती. केसांत मैदानावरची धूळ होती. नागसेनने तिला पाणी नेऊन दिले आणि विचारले, नव्या बुटांची टाच कशी आहे? टाच बरी आहे, ती म्हणाली, आणि त्याच्या कानांकडे जरा नवलाने पाहिले.

तेवढ्यात बांधावरून देवराव येताना दिसले. रोडगे करायचे आणि बापाला बोलवायचे नाही, हे मायाच्या हातून होणे शक्य नव्हते, आणि तिचा बेत नेमका तिथेच गळका निघाला. कशासाठी रोडगे, हे मात्र तिने बापाला सांगितले नव्हते. देवरावांनी सगळ्यांना जय भीम घातला, साहेबांशेजारी मांडी ठोकली आणि मुकाट्याने दोन रोडगे संपवले. त्यांची नजर तंबूवरून काठ्यांवर, काठ्यांवरून शेळीच्या कपाळावर आणि तिथून मुलाच्या कानांवर गेली. सिग्नल तांबडा झाला.

“सायेब,” ते म्हणाले, “अमरावतीत दुकान काढायचं सोडून तुमी इथं रोडगे कायले खाऊन राहिले?”

कर्णिकांनी त्यांना नकाशाची हकिकत सांगितली. ठिपके सांगितले, झुबके सांगितले, अकोल्याची तंबूवासी जमात सांगितली. देवरावांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, की असे ठिपके तर बडनेऱ्याच्या शिवारातही पेटत असतील, तिथेही माणसेच राहतात आणि त्यांनाही वांग्याची भाजी आवडते. जेवायला बसलेल्या माणसाला खेळाडू म्हणत असाल, तर सगळा वऱ्हाडच खेळाडू. यावर मायाच्या सासरचे पुरुष सरसावून बसले, आणि अमरावतीच्या रोडग्याला पदरच सुटत नाहीत, तो दगड असतो, असे एकाने जाहीर केले. देवरावांनी अकोल्याच्या उन्हाचा उल्लेख केला. प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतात असताना कर्णिकांनी दोन्ही तुपकट हात वर केले.

इथे खेळातल्या अशा तुम्ही एकट्याच आहात, ते प्रियदर्शनीला म्हणाले, तुम्ही अकोल्याच्या. तुम्हीच सांगा, दुकान कुठे असावे?

नागसेनच्या हातातला पाण्याचा लोटा थांबला. तिने अकोला म्हटले की सगळे संपले, सगळे सुरू झाले. मायाने तिच्याकडे पाहून डोळे मोठे केले. सुंदराबाई साहेबांना आग्रहाचा रोडगा वाढायला वाकल्या होत्या, त्या वाकूनच राहिल्या.

“अमरावतीले,” प्रियदर्शनी म्हणाली. “मी पोरींना चढावर पळवायले दर उन्हाळ्यात मेळघाटात नेतो, सर. घाट लागला की मोबाइल मरते. आईचा घरी दिवसभर जीव टांगलेला राहते. तिथं आमच्यासोबत पळणारे, चढणारे सगळे अमरावतीचे. तुमच्या नकाशाले ते दिसतच नसतील.”

सुंदराबाईंनी रोडगा साहेबांच्या ताटाच्या वरच थांबवला, क्षणभर विचार केला आणि परत टोपलीत ठेवला.

कर्णिकांच्या चेहऱ्यावरून तूप आणि आनंद दोन्ही ओसरले. ते सावकाश नागसेनकडे वळले. हे तुम्हाला ठाऊक होते का, असे त्यांनी विचारले. होते, नागसेन म्हणाला. मग लपवले का? नागसेनला घाटातले ते वळण आठवले, जिथे शेवटची रेघ विझली होती. तिथे पळून जाता आले असते तर तो गेला असता. परंतु इथे कडुनिंबाखाली मोबाइलची रेंज भरपूर होती आणि अख्खे गणगोत त्याच्याकडे पाहत होते.

“मला अकोल्यात राहायचं होतं, सर.”

“काहून?” हे देवरावांनी विचारले.

एवढी वर्षे बापाच्या प्रत्येक ‘काहून’वर तो खाली पाहत आला होता. आता त्याने वर पाहिले, विहिरीच्या काठाकडे.

“हिच्यासाठी,” तो म्हणाला. “हिले विचारायचं होतं. जवळ राहिलो असतो तर कधीतरी विचारलं असतं.”

शेळीच्या कपाळावरचा दिवा तेवढा उघडझाप करत होता. बाकी सगळे थांबले होते, निखाऱ्यातला रोडगा उलटायला गेलेले मामाही काठी हवेत धरून थांबले होते. प्रियदर्शनीने विहिरीच्या काठावरून पाय खाली सोडले, नागसेनसमोर आली आणि त्याच्या हातातला लोटा काढून घेतला, कारण त्यातले पाणी केव्हाचे त्याच्या बुटावर सांडत होते.

देवरावांना जरा वेळ लागला. पण त्यांना एकदा कळले की पूर्ण कळे.

“म्हंजे ह्या पोरीले एक गोष्ट विचारायची सोडून तू अख्खं दुकान उचलून अकोल्याले आणून राहिला होता?” ते म्हणाले. “अरे लेका, बडनेऱ्याहून अकोल्याले दिवसभर गाड्या आहेत. अर्धं बडनेरा रोज अपडाऊन करते. तुह्या बापानं जन्मभर त्याच गाड्यांले हिरवा दाखवला, अन् तुलेच त्या दिसल्या नाही?”

नागसेनला त्या खरोखरच दिसल्या नव्हत्या. बुटांच्या दुकानात राहून त्याने सगळे अंतर पायांनी मोजले होते.

“मले आधीच वाटलं होतं,” प्रियदर्शनी म्हणाली. तिचा आवाज मैदानावरचा नव्हता, फोनवरचा होता. “माणूस टाचेबद्दल इतकं बोलत नसते. मी वाट पाहून राहिली होती, का हा कधी घोट्यापर्यंत तरी येते.”

मायाने पदराआड तोंड लपवले. देवरावांनी मुलीच्या सासऱ्याकडे पाहून मिशीवरून हात फिरवला. दुकान तर दुकान, वर सूनही अमरावतीकडेच चालली होती. सुंदराबाईंच्या ते लक्षात आले, तेव्हा त्यांनी ताबडतोब स्पष्ट केले, की पोरीची नोकरी अकोल्याची आहे. तेव्हा राहील ती इथेच, आणि जावयाने यायचे. कर्णिक तेवढ्या वेळात टोपलीपर्यंत सरकले होते आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्यांनी आपला रोडगा स्वतःच घेतला.

दुकान अमरावतीत निघाले. कर्णिकांनी नागसेनला शिक्षा दिली ती अशी, की हिवाळा संपेपर्यंत प्रत्येक रविवारी घाटाच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि नकाशाला न दिसणाऱ्या माणसांशी बोलून यायचे. कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलणे म्हणजे त्याला मेळघाट चढण्यासारखेच होते. पण तो बोलला. अंगठ्याजवळ बूट उघडे पडलेले ते वृद्ध गृहस्थ दुकानाचे पहिले गिऱ्हाईक झाले. अकोलेकरांनी दुकानावर बहिष्कार टाकला, तो संक्रांतीपर्यंत टिकला. नंतर एके दिवशी पातूर रस्त्याकडच्या बायकांचा एक जथा आला आणि रोडगे ठेवायची पिशवी कुठल्या मजल्यावर आहे, असे विचारू लागला. त्यांत पुढे सुंदराबाई होत्या. ती पिशवी दुकानात अजूनही दारापाशीच ठेवतात.

नागसेन आणि प्रियदर्शनी अकोल्यात राहतात. लोक बडनेऱ्याहून अकोल्याला येतात तेव्हा तो अकोल्याहून बडनेऱ्याला जातो. सकाळची पॅसेंजर मूर्तिजापूरच्या अलीकडे उगाचच थांबते, त्या वेळी खिडकीबाहेर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर कोवळे ऊन उतरलेले असते, आणि कोणी काही विचारत नसलेला तो थोडासा वेळ त्याला अजूनही सर्वांत आवडतो.

अशाच एका सकाळी, गाडी थांबलेली असताना, पुण्याहून फोन आला. त्या दिवशी देवरावही मुलाच्या शेजारी होते. सुनेकडे मुक्काम करून बडनेऱ्याला परतत होते. कर्णिकांचा आवाज इतका उत्तेजित होता, की तो डब्यातल्या निम्म्या लोकांना ऐकू आला. नव्या नकाशावर एक अद्भुत गोष्ट दिसली होती. अकोला ते बडनेरा अशी एक सरळ वाट, रोज सकाळ-सायंकाळ, शेकडो ठिपके, ऊन असो की पाऊस. वेग बेताचा, मध्ये मध्ये विश्रांती. एवढी शिस्तबद्ध पदयात्रा त्यांनी देशात कुठे पाहिली नव्हती. तिथे, बडनेऱ्यातच, आणखी एक दुकान काढावे काय?

देवरावांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सांगू नको लेका,” ते हळूच म्हणाले. “बडनेऱ्यात येऊन राहिलं, येऊ दे.”

नागसेनचे कान लाल झाले.

“सर,” तो म्हणाला, “ती पॅसेंजर आहे.”

 मग कर्णिकांनी, आशा न सोडता, विचारले, की त्यांतले थोडे तरी चालत जात असतील ना? नागसेनने खिडकीबाहेर पाहिले. गाडी अजून हलली नव्हती आणि कंटाळलेली माणसे एकेक करून खाली उतरून रुळांच्या कडेने चालू लागली होती.